उमेदवाराची बंदूक आणि आपले मत

प्रश्न : आम्ही टेक्सासमधील फ्रिस्को येथे अकरा वर्षांपासून राहतो. गेल्या वर्षी आम्हा दोघांना नागरिकत्व मिळाले आणि या नोव्हेंबरात मी अमेरिकेत पहिल्यांदा मतदान करणार आहे. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहासाठी उभे असलेले एक उमेदवार आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाला आले होते. झब्बा घालून आले, आरतीला उभे राहिले, आणि कोणीतरी बंदुकांविषयी विचारल्यावर ‘मी दुसऱ्या घटनादुरुस्तीचा खंदा पाठीराखा आहे, मात्र मुलांच्या सुरक्षिततेत तडजोड करणार नाही’ एवढे बोलून निघून गेले. आमच्या वसाहतीत दोन घरफोड्या झाल्यापासून माझे यजमान पिस्तूल घ्यायचे म्हणतात आणि ज्याला बंदूकवाल्या संघटनेकडून ‘ए’ श्रेणी मिळाली आहे त्यालाच मत देणार म्हणतात. आमची मुलगी चौदा वर्षांची आहे. शाळेत लॉकडाउनचा (बंदूकधारी शिरल्यास दडून बसण्याचा) सराव झाला की त्या दिवशी ती नीट जेवत नाही. मला तर बंदुकांवर बंदीच यावी असे वाटते. एका घरातून दोन विरुद्ध मते पडणार, याचे वाईट वाटते. या विषयावर उमेदवाराची पारख कशी करावी? – एक संभ्रमित मतदार

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि घरातला वाद बहुधा त्यामुळेच मिटत नसावा. आपल्या घरात पिस्तूल असावे की नाही हा एक प्रश्न, आणि टेक्सासमध्ये बंदूक कोणाला, कोणत्या वयात, कोणत्या तपासणीनंतर मिळावी हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तुम्ही दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ठरवायचे आहे. दुसऱ्याचे बरेचसे उत्तर ऑस्टिनमध्ये, राज्याच्या विधिमंडळात ठरते. घरात पिस्तूल बाळगणारा माणूस खासगी विक्रीतही खरेदीदाराची तपासणी व्हावी असे म्हणू शकतो, आणि आयुष्यात बंदुकीला हात न लावलेला माणूस बंदीला विरोध करू शकतो. डॅलसच्या आसपास मला दोन्ही प्रकारचे मराठी लोक भेटले आहेत. तेव्हा यजमानांना पिस्तूल हवे आहे म्हणून त्यांनी अमक्यालाच मत दिले पाहिजे, असे गणित तुम्ही मांडू नका आणि त्यांनाही मांडू देऊ नका.

आता त्या उमेदवारांच्या वाक्याकडे वळू. ‘मी दुसऱ्या घटनादुरुस्तीचा पाठीराखा आहे’ असे टेक्सासमध्ये उभा राहणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, आणि आपल्याकडच्या प्रचारसभेत ‘मी शेतकऱ्यांच्या पाठीशी आहे’ या वाक्याचे जे मोल असते तेच याचे आहे. १७९१ साली संमत झालेल्या या दुरुस्तीने दिलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क हा व्यक्तीचा स्वतःचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात दिला आणि २०१० साली मॅकडोनाल्ड खटल्यात तो राज्यांवरही बंधनकारक केला. त्यामुळे घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा यजमानांचा हक्क राज्याच्या एखाद्या प्रतिनिधीच्या पाठिंब्यावर टांगलेला नाही. भारतातून आलेल्या आपल्या पिढीला हे पचायला वेळ लागतो, कारण १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या छायेत वाढलेल्या माणसाला बंदुकीचा परवाना ही सरकारची मेहेरबानी वाटते. माझ्या आजोळी शेजारच्या वाड्यात एक बाराबोअरची बंदूक होती, आणि निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणावी लागे. इथे निवडणूक जाहीर झाली की काही उमेदवार बंदूक हातात घेऊनच जाहिरातीत उभे राहतात.

याच निकालांमुळे तुम्हाला हवी असलेली सरसकट बंदीही कोणी उमेदवार देऊ शकणार नाही, आणि तसे आश्वासन कोणी दिले तर त्याच्याविषयी तुमचे मत थोडे खाली आले पाहिजे. मात्र हेलर निकालातच न्यायालयाने हेही नोंदवले होते की गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना शस्त्रबंदी, किंवा शाळा आणि सरकारी इमारतींसारख्या संवेदनशील जागी बंदूक नेण्यास मनाई, अशा जुन्या निर्बंधांना धक्का लागत नाही. २०२२ च्या ब्रुएन निकालापासून न्यायालये एवढेच पाहतात की एखादा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो की नाही. कौटुंबिक हिंसाचारामुळे ज्याच्यावर संरक्षणात्मक आदेश निघाला आहे अशा माणसाला बंदूक बाळगता येईल का, हा रहिमी खटला टेक्सासमधूनच वर गेला होता. अपील न्यायालयाने तो निर्बंध घटनाबाह्य ठरवला होता, पण २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ अशा मतांनी तो कायम केला. म्हणजे ‘कोणताही कायदा चालणार नाही’ म्हणणारा उमेदवारही तितकाच हवेत बोलत असतो.

पुढची गोष्ट, हे गृहस्थ कोणत्या खुर्चीसाठी उभे आहेत ते पाहा. टेक्सासमध्ये शहरांना बंदुकांविषयी स्वतःचे नियम करण्यास राज्याच्या कायद्यानेच जवळजवळ पूर्ण मनाई आहे, त्यामुळे फ्रिस्कोच्या नगर परिषदेचा उमेदवार या विषयावर कितीही तावातावाने बोलला तरी त्याच्या हातात फारसे काही नसते. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख) आणि जिल्हा सरकारी वकील अस्तित्वात असलेल्या कायद्याची अंमलबजावणी किती नेटाने करायची ते ठरवतात. दुकानदाराने करायची तपासणी, पिस्तुलासाठी २१ आणि रायफलीसाठी १८ ही दुकानातल्या खरेदीची किमान वये, या गोष्टी वॉशिंग्टनच्या कायद्यात आहेत, पण त्यांहून कडक नियम करायचे की नाही हे राज्य ठरवते. तुमचे उमेदवार राज्याच्या प्रतिनिधिगृहासाठी उभे आहेत, म्हणजे शस्त्र घेऊन वावरण्याचे नियम, खासगी विक्री, खरेदीचे वय, घरात शस्त्र कुलपात ठेवण्याची सक्ती आणि शाळेतला बंदोबस्त, हे सगळे नेमके त्यांच्या हातात येणारे विषय आहेत. त्यांना गुळमुळीत उत्तरावर सुटू देऊ नये, ते एवढ्यासाठी.

त्यांना विचारायचे ते एखाद्या ठरावीक कायद्याविषयी, आणि तो कायदा कोणत्या भोकाला लावलेले ठिगळ आहे हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे. टेक्सासचे दुर्दैव असे की इथे प्रत्येक भोकासाठी एक स्वतंत्र शोकांतिका घडून गेली आहे. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी मिडलंड-ओडेसा परिसरात सात जणांचा जीव घेणाऱ्या माणसाने २०१४ साली दुकानातून बंदूक घ्यायचा प्रयत्न केला होता आणि तो बॅकग्राउंड चेकमध्ये, म्हणजे खरेदीदाराच्या पूर्वेतिहासाच्या तपासणीत, अडला होता. पुढे त्याने रायफल एका खासगी व्यक्तीकडून विकत घेतली, कारण परवानाधारक दुकानदाराला तपासणी सक्तीची असली तरी खासगी विक्रीला केंद्राच्या कायद्यात ती सक्ती नाही आणि टेक्सासने स्वतःही ती आणलेली नाही. ‘सर्व विक्रींवर तपासणी’ ही मागणी या भोकासाठी आहे. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये २६ बळी गेले. तिथे खरेदी दुकानातूनच झाली होती, तपासणीही झाली होती, परंतु मारेकऱ्याला झालेल्या शिक्षेची नोंद हवाई दलाने एफबीआयकडे पाठवलीच नव्हती. तिथे ‘सर्व विक्रींवर तपासणी’ असती तरी उपयोग झाला नसता, नोंदी वेळेवर पोहोचायला हव्या होत्या, आणि त्यासाठी २०१८ साली केंद्राने वेगळा कायदा केला. त्याच घटनेत शेजारच्या एका नागरिकाने स्वतःच्या रायफलीने मारेकऱ्यावर गोळ्या झाडल्या होत्या, म्हणून तुमच्या यजमानांच्या बाजूचे लोकही तिचा दाखला देतात, आणि तो दाखला खोटा नाही. २४ मे २०२२ रोजी युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथला मारेकरी नुकताच अठरा वर्षांचा झाला होता आणि त्याने रायफली कायदेशीर मार्गाने, तपासणी पार करून घेतल्या होत्या. खरेदीचे वय २१ करा, ही मागणी तिथून जोर धरते. आता तुम्हीच पाहा, ‘आपण बॅकग्राउंड चेकच्या बाजूचे आहात का?’ एवढेच विचारले तर ‘अर्थात’ असे उत्तर येते आणि युवाल्डीचा विषय त्यात कुठेच येत नाही.

वय वाढवण्याच्या त्या मागणीचे पुढे काय झाले, हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण उमेदवाराची पारख कुठे करायची ते त्यावरून कळते. २०२३ च्या अधिवेशनात एचबी २७४४ हे विधेयक आले. ठरावीक प्रकारच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींच्या खरेदीचे वय १८ वरून २१ करावे, एवढाच त्याचा आशय होता. ते समितीत अडकून पडले होते. ६ मे रोजी तुमच्यापासून जवळच असलेल्या ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार होऊन आठ जण मारले गेले, ज्यांत भारतातून आलेली एक तरुण अभियंताही होती. ८ मे रोजी समितीने ते विधेयक ८ विरुद्ध ५ मतांनी पुढे पाठवले आणि त्या आठांत दोन रिपब्लिकन सदस्य होते. दुसऱ्या दिवशी रात्री, सभागृहाच्या कार्यक्रमपत्रिकेवर विधेयक घेण्याची मुदत संपली आणि ते तिथेच मेले. संपूर्ण सभागृहाचे मतदान झालेच नाही, त्यामुळे बाकीच्या शंभराहून अधिक सदस्यांना आजही ‘मी त्याच्या विरोधात मत दिलेले नाही’ असे खरे खरे सांगता येते. अशा उत्तराने फसू नका. विधेयक पटलावर यावे यासाठी त्यांनी काय केले, सहीनिशी कोणते विधेयक मांडले, कोणत्याला सहप्रायोजक झाले, ते विचारा. टेक्सास विधिमंडळाच्या संकेतस्थळावर विधेयकाचा क्रमांक टाकला की त्याचा सगळा इतिहास दिसतो, आणि समितीच्या अहवालात कोणी कोणत्या बाजूने मत दिले ते नावानिशी असते. हे वाचायला वकील लागत नाही, एका दुपारचा वेळ लागतो.

त्या दोन रिपब्लिकन सदस्यांपैकी रॉकवॉलचे जस्टिन हॉलंड २०२४ च्या प्रायमरीच्या, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीच्या, फेरमतदानात पराभूत झाले. पक्षातल्या अनेकांचा त्यांच्यावर इतर कारणांनीही राग होता, तरी हे मतही प्रचारात त्यांच्याविरुद्ध वापरले गेले. टेक्सासमधल्या बऱ्याच मतदारसंघांत खरी लढत नोव्हेंबरात होतच नाही, ती मार्चच्या प्रायमरीत आटोपलेली असते, आणि तिथे मतदान करणारे थोडे आणि कडवे असतात. इथे मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष नोंदवावा लागत नाही, प्रायमरीच्या दिवशी ज्या पक्षाची मतपत्रिका हवी ती मागता येते. आपली मंडळी नोव्हेंबरात हौसेने जातात आणि मार्चमध्ये घरी बसतात, याचा मला गेली कित्येक वर्षे राग येतो. तुम्हाला यंदाचा मार्च हुकला असेल, पुढचा हुकवू नका.

शब्द आणि कृती यांतले अंतर दोन्ही बाजूंना सापडेल. ओडेसाच्या घटनेनंतर नायब गव्हर्नर आणि त्या नात्याने राज्याच्या सेनेटचे अध्यक्ष असलेले डॅन पॅट्रिक यांनी अनोळखी व्यक्तींमधल्या विक्रीला तपासणी हवी, असे जाहीरपणे म्हटले होते. तो कायदा झाला नाही, आणि २०२१ साली त्यांच्याच सेनेटमधून परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन वावरण्यास मुभा देणारा कायदा संमत झाला. दुसऱ्या बाजूला, डेमोक्रॅट पक्षाचे बेटो ओरूर्क यांनी २०१९ साली ह्यूस्टनमध्ये अध्यक्षपदाच्या इच्छुकांच्या चर्चेत एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफली काढून घेऊ असे ठणकावून सांगितले आणि २०२२ साली गव्हर्नरपदासाठी फिरताना मला कोणाकडून काही काढून घेण्यात रस नाही, असे म्हटले. मत बदलणे हा गुन्हा नव्हे. ते का बदलले याचे कारण माणूस देतो का, आणि बदललेल्या मतासाठी काही किंमत मोजतो का, हे पाहायचे. युवाल्डीनंतर केंद्राच्या २०२२ च्या बंदूकविषयक कायद्यासाठी वाटाघाटी करणारे टेक्सासचे रिपब्लिकन सेनेटर जॉन कॉर्निन यांची ह्यूस्टनमधल्या स्वपक्षाच्या अधिवेशनात हुर्यो उडवली गेली, तरी त्यांनी त्या कायद्याच्या बाजूने मत दिले. तो कायदा कोणाला आवडो न आवडो, ही भूमिका तपासता येते.

यजमानांच्या त्या ‘ए’ श्रेणीविषयी. नॅशनल रायफल असोसिएशन उमेदवारांना ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत गुण देते, पण ‘ए’ आणि ‘एक्यू’ यांत फरक आहे. ‘एक्यू’ म्हणजे उमेदवाराच्या मतदानाचा इतिहास नाही, केवळ संघटनेने पाठवलेल्या प्रश्नावलीला त्याने दिलेल्या उत्तरांवरून मिळालेली श्रेणी. तुमचे उमेदवार नवखे असतील तर त्यांची श्रेणी हीच असण्याचा संभव आहे. समोरच्या बाजूला मॉम्स डिमांड ॲक्शनसारख्या, बंदुकांवर निर्बंध मागणाऱ्या संघटनाही उमेदवारांना आपली पसंतीची मोहोर देतात, आणि तीही उमेदवाराच्या प्रश्नावलीवर आधारलेली असते. दोन्ही श्रेणी पाहाव्यात, त्या कशावरून दिल्या ते विचारावे, आणि उमेदवाराला ती प्रश्नावली भरलेल्या उत्तरांसह मतदारांपुढे ठेवण्याची विनंती करावी. उमेदवार काचकूच करू लागला तर तेही उत्तरच समजावे. देणगीदारांची नावे टेक्सास एथिक्स कमिशनकडे भरलेल्या अहवालांत मिळतात. या राज्यात विधिमंडळाच्या उमेदवाराला एका व्यक्तीने किती देणगी द्यावी यावर मर्यादाच नाही, तेव्हा मोठे आकडे दिसले तर दचकू नका, ते कोणाचे आहेत तेवढे पाहा.

तुमच्या मंडळाच्या कार्यक्रमाच्या हॉलच्या दारावर कदाचित इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत, इंचभर उंचीच्या अक्षरांत एक पाटी असेल आणि तिच्यावर ‘३०.०६’ असा कायद्याच्या कलमाचा आकडा असेल. पुढच्या वेळी उमेदवार आले की त्यांना त्या पाटीशी घेऊन जा. ३०.०६ म्हणजे परवानाधारकाने लपवलेले पिस्तूल आत आणू नये, ३०.०७ म्हणजे परवानाधारकाने उघडपणे कमरेला लावलेले आणू नये, आणि ३०.०५ ची पाटी विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी, जी २०२१ च्या कायद्यानंतर दिसू लागली. ज्या बारची कमाई मुख्यतः दारूवर चालते तिथे लाल अक्षरांत ‘५१%’ लिहिलेले असते, ती चौथी पाटी. मंडळाने हॉल भाड्याने घेतला तर यांतली कोणती पाटी लावायची, कोण लावणार आणि कुलूप न लावता गाडीत ठेवलेल्या पिस्तुलाचे काय, हे प्रश्न रोजच्या जगण्यातले आहेत, आणि इथे शस्त्र बाळगण्याचा हक्क जागामालकाच्या हक्काला थेट भिडतो. ज्या उमेदवाराला या पाट्यांतला फरक सांगता येतो त्याने कायदा वाचलेला असतो. त्याच्याशी मतभेद असले तरी बोलता येते.

मुलीच्या शाळेसंबंधीही एक नेमका प्रश्न आहे. युवाल्डीनंतर २०२३ साली टेक्सासने प्रत्येक शाळेच्या आवारात एक सशस्त्र सुरक्षा अधिकारी असलाच पाहिजे असा कायदा केला, आणि त्यासाठी दिलेला निधी अपुरा असल्याची तक्रार अनेक शाळा जिल्ह्यांनी केली. ‘मुलांच्या सुरक्षिततेत तडजोड नाही’ म्हणणाऱ्या उमेदवाराला निधी कुठून आणि किती, हे विचारावे. त्याच जोडीने, स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाकडून न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरते शस्त्र काढून घेण्याची सोय, ज्याला रेड फ्लॅग कायदा म्हणतात, ती वीसहून अधिक राज्यांत आहे. टेक्सासने २०२५ साली उलट असे आदेश राज्यात लागूच होऊ नयेत असा कायदा केला. तो रद्द करण्याच्या बाजूने मत द्याल की राखण्याच्या, याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच येऊ शकते.

घरातल्या प्रश्नावर तुम्ही सल्ला मागितलेला नाही, तरी दोन वाक्ये लिहितो. अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक आत्महत्यांचे होते, त्यामुळे किशोरवयीन मूल असलेल्या घरात पहिला विचार चोराचा न करता कुलपाचा करावा. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेले भरलेले शस्त्र सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती लागले तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. यजमानांनी पिस्तूल घेतलेच तर तिजोरीचा खर्च त्याच दिवशीच्या खरेदीत धरावा.

आणि आता कामाचे. उमेदवारांना ईमेलने चार प्रश्न पाठवा : खासगी विक्रीत तपासणी, रायफल खरेदीचे वय, २०२५ चा रेड फ्लॅगविरोधी कायदा, शाळांचा निधी. प्रतिस्पर्ध्यालाही तेच पाठवा, शब्दही बदलू नका. यजमानांनी आणि तुम्ही उत्तरे वेगवेगळी वाचून, कोणता प्रश्न आपल्याला सर्वांत महत्त्वाचा वाटतो ते आधी कागदावर लिहा आणि मग एकमेकांना दाखवा. तपासणीच्या मुद्द्यावर तुम्हा दोघांचे जमले तर मला नवल वाटणार नाही. मतदार नोंदणीचा फॉर्म छापून, सही करून मतदानाच्या तीस दिवस आधी काउंटीकडे गेला पाहिजे. मतदान केंद्रात फोन वापरता येत नाही, म्हणून ठरवलेली नावे चिठ्ठीवर लिहून न्या. बंदूक तर टेक्सासमध्येही त्या दारातून आत नेता येत नाही, परवाना असला तरी.